होक्काइदोचा लाकडी कारुता

जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत ‘कारुता’ हा पत्त्यांचा खेळ परंपरेने खेळला जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर पत्ते जपानात पोहोचले आणि ‘कार्ता’ या पोर्तुगीज शब्दाचा तेथे ‘कारुता’ झाला. या खेळाच्या सर्वपरिचित प्रकाराचा आधार ‘ह्याकुनिन इश्शु’ हा शंभर कवींच्या शंभर कवितांचा संग्रह आहे. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका या कवीने तो सिद्ध केला, असे मानले जाते.

यातील प्रत्येक कविता एकतीस अक्षरांची असून तिचे दोन भाग पडतात. देशभर प्रचलित असलेल्या स्पर्धात्मक कारुतात वाचक पूर्वार्धापासून कविता म्हणतो आणि खेळाडू उत्तरार्ध लिहिलेला कागदी पत्ता उचलतात. त्यामुळे कविता पाठ असणाऱ्याची सरशी होते. या खेळाचे नियम १९०४ मध्ये कुरोइवा रुइको या पत्रकाराने एकसूत्री केले.

उत्तरेकडील होक्काइदो बेटावर मात्र वेगळी रीत रुजली. तेथे केवळ उत्तरार्धच वाचला जातो. म्हणून या प्रकाराला ‘शिमो नो कु’, म्हणजे उत्तरार्धाचा कारुता म्हणतात. उचलावयाचे पत्ते कागदाचे नसून लाकडी पट्ट्यांचे असतात व त्यांवर वळणदार जुन्या लिपीत काव्यपंक्ती लिहिलेल्या असतात. आइझु प्रांतातून आलेल्या वसाहतकारांनी मेइजी काळात हा खेळ येथे आणला, अशी मान्यता आहे.

खेळण्याची पद्धत अशी : प्रत्येकी तीन खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर बसतात. शंभर पट्ट्यांपैकी पन्नास-पन्नास दोन्ही संघांना मिळतात. संघातील एक जण बचाव, दुसरा मधली फळी आणि तिसरा आक्रमण सांभाळतो. बचाव करणाऱ्यापुढे सर्वाधिक पट्ट्या मांडतात, तर आक्रमकाचे लक्ष मुख्यतः प्रतिपक्षाच्या पट्ट्यांवर असते. वाचकाने उत्तरार्ध उच्चारताच ती पट्टी प्रथम हस्तगत करावयाची. स्वतःच्या बाजूची पट्टी मिळाली तर ती बाद होते. प्रतिपक्षाची मिळाली तर आपली एक पट्टी त्यांच्याकडे धाडता येते. चुकीच्या पट्टीला हात लागल्यास सामान्यतः दंड म्हणून प्रतिपक्षाची एक पट्टी स्वीकारावी लागते. ज्या संघापुढील पट्ट्या आधी संपतील, तो विजयी. दंडाचे बारकावे गावोगावी थोडेफार बदलतात.

जे ऐकावयाचे तेच पट्टीवर लिहिलेले असल्याने कविता पाठ नसलेले मूलही खेळात सामील होऊ शकते. तरीही खेळ सोपा नाही. ‘हितो’ म्हणजे ‘माणूस’ या शब्दाने अनेक उत्तरार्धांचा आरंभ होतो. पुढील अक्षर कानी पडेपर्यंत हात आवरावा लागतो. अधीर खेळाडू येथेच फसतो.

खरी कसोटी लिपीची आहे. पट्ट्यांवरील जुनी वळणे आजच्या जपानी वाचकालाही सहज उलगडत नाहीत. होक्काइदोतील मुले ती पुस्तकातून नव्हे, तर हिवाळ्यात घरच्या वडीलधाऱ्यांसमवेत खेळता खेळता शिकत आली. साहजिकच ज्या घरात हा डाव मांडणे थांबते, तेथे केवळ एक करमणूक संपत नाही. पट्ट्या कपाटात शाबूत राहतात. त्या वाचणारे डोळे मात्र पुढच्या पिढीला लाभत नाहीत.