न ऐकू येणारा आवाज आणि फाटणारे स्पीकर

या मालिकेत आम्ही किल्ल्यांवर बोललो, घाटवाटांवर बोललो. आजचा विषय कळल्यावर काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. गाडीतल्या सबवूफरचा सबसॉनिक फिल्टर! तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही उठाठेव कशाला?

कारण असं, की महाड-पोलादपूर पट्ट्यात लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळी प्रवास केला तर हा विषय तुम्हाला छातीत ऐकू येतो. हळदीचा डीजे, वरातीचा टेम्पो, कुणाच्या जीपच्या मागच्या सीटखाली बसवलेला बारा इंची सबवूफर. त्यामागे कुणा तरुणाचं कर्ज असतं, हप्ते असतात. भर वरातीत स्पीकर फाटला की त्या रात्रीचं भाडं जातं आणि पुढच्या चार सुपाऱ्याही जातात. रस्त्याकडेच्या घरात एखादं तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असतं, त्याची गोष्ट वेगळीच. या दोन्ही गोष्टी एका छोट्या बटणाशी कशा येऊन भिडतात, ते आज पाहू.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. सबसॉनिक म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाचं; हा विमानांचा शब्द आहे. आपल्याला म्हणायचं असतं इन्फ्रासॉनिक, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या खालचं, साधारण २० हर्ट्झच्या खालचं. पण बाजाराने चुकीचा शब्द उचलला आणि तोच अॅम्प्लिफायरवर छापला गेला. आम्हीही आज तोच वापरू.

आता गंमत बघा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात शब्दाची व्याख्या आहे: कानाने ज्याचं ग्रहण होतं तो गुण म्हणजे शब्द. नैयायिकांनी शब्द पसरतो कसा हेही सांगितलं, पाण्यावरच्या लाटेसारखा किंवा कदंबाच्या फुलासारखा सगळ्या दिशांनी. या व्याख्येत १५ हर्ट्झचं कंपन बसत नाही. कान त्याचं ग्रहणच करत नाही, म्हणजे तो शब्दच नाही. आणि तरीही स्पीकर फाडतो तो तोच. अस्तित्व आहे, परिणाम आहे, पण अनुभव नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात असं उदाहरण शोधायला एरवी बरीच पायपीट करावी लागते.

स्पीकरचा इतिहास थोडक्यात सांगतो. आजचा स्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, तो चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली एका निबंधात मांडला. आपल्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. काळाचं भान यावं म्हणून सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत या यंत्राचा गाभा बदललेला नाही. कॉइलमधून वीज गेली की ती पुढे-मागे सरकते, शंकू हवा ढकलतो.

अडचण हवेची आहे. हवा हातात धरता येत नाही. उंच स्वराला शंकू केसभर हलला तरी पुरतं. पण स्वर एक सप्तक खाली आणला, म्हणजे कंपनं निम्मी केली, आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर शंकूला चौपट अंतर हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर लागत असेल तर ४० ला चार आणि २० ला सोळा. बेसचं सगळं दुखणं या हिशेबात आहे. स्पीकरच्या कॉइलला चुंबकाच्या फटीत राहूनच काम करायचं असतं. ती मर्यादा ओलांडली की कॉइल मागच्या लोखंडावर आपटते, नाहीतर बाहेर येऊन तिरकी होते आणि घासते. साऊंडवाले म्हणतात, "आवाज कडकड यायला लागला." तो त्या आपटण्याचा आवाज असतो.

यावर दोन उपाय निघाले. एक बंद पेटीचा. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी छोट्या हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. शंकू फार पुढे-मागे जाऊ लागला की कोंडलेली हवा त्याला आवरते. दुसरा उपाय याहून जुना, बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांचा. त्यांच्या पेटंटचा अर्ज १९३० चा, मंजुरी १९३२ ची. त्यांनी पेटीला भोक पाडलं. आपण ज्याला पोर्ट म्हणतो तेच. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक घुमारा निघतो ना? त्याचा अभ्यास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात केला होता. पोर्टवाली पेटी म्हणजे तीच घागर. तिचा स्वर, समजा, ३५ हर्ट्झ असेल, तर त्या स्वराला शंकू जवळजवळ थांबतो आणि सगळं काम पोर्टमधली हवा करते. शंकूला कष्ट कमी, आवाज मोठा. म्हणून वरातीच्या गाडीवर तुम्हाला बंद पेटी सहसा दिसणार नाही, भोकाचीच दिसेल.

आणि मेख इथेच आहे. पेटीच्या स्वराच्या खाली गेलात की पोर्टमधली हवा शंकूला साथ देणं सोडते. ती नुसती आत-बाहेर वाहते. शंकूच्या मागचा आधार गेला. ३५ ला शांत असलेला शंकू २० ला सैरावैरा धावतो, आणि बाहेर आवाज मात्र नगण्य. वाजवणाऱ्याला वाटतं, बेस कमी पडतोय. तो बटण आणखी फिरवतो.

या उघड्या पडलेल्या शंकूला वाचवायची सोय म्हणजे सबसॉनिक फिल्टर. ठरावीक कंपनाच्या खालचं सगळं अॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाऊच द्यायचं नाही. चांगल्या फिल्टरची उतरण सप्तकाला २४ डेसिबलची असते. फिल्टर ३० वर लावला, तर १५ हर्ट्झच्या लहरीचा दाब सोळाव्या हिश्श्यावर येतो. ऐकणाऱ्याचं काही जात नाही, कारण १५ त्याला ऐकूच येणार नव्हतं.

ही कल्पना गाडीवाल्यांची नाही. तबकडी वाजवणाऱ्यांना हा त्रास आधी झाला. एलपी किंचित वाकडी असली की सुई दर फेऱ्याला वरखाली होते, आणि कसलाही आवाज नसताना स्पीकरचा शंकू डुलत राहतो. म्हणून जुन्या अॅम्प्लिफायरवर रंबल फिल्टर नावाचं बटण असायचं. पोर्टवाल्या पेटीचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी, १९६१ साली. त्यांच्या निबंधात पेटी जुळवण्याचे २८ प्रकार एका तक्त्यात दिलेत, आणि त्यांतले काही असे आहेत की पेटीसोबत विजेचा फिल्टर धरूनच हिशेब केलाय. म्हणजे फिल्टर हा नंतर लावलेलं ठिगळ नव्हता. पेटी, स्पीकर आणि फिल्टर मिळून एक यंत्र, असा त्यांचा विचार. हा निबंध दहा वर्षं जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो पुन्हा छापला गेला, सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं, आणि मग जगाला जाग आली. आज स्पीकरच्या खोक्यात जो आकड्यांचा कागद मिळतो तो थील-स्मॉल यांचा. आपल्याकडे तो कागद पॅकिंगबरोबर फेकला जातो, हे आमचं नम्र निरीक्षण.

आता गाडीकडे येऊ. बंद काचांची गाडी ही बेससाठी फार उदार जागा असते. ३० हर्ट्झची लाट हवेत साडेअकरा मीटर लांब असते. गाडी आतून अडीच-तीन मीटर. एवढी लाट त्या जागेत मावतच नाही. सबवूफर मग गाडीतल्या सगळ्या हवेलाच दाबतो आणि सोडतो. त्यामुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली गाडी स्वतःच बेस वाढवून देते. कारसाठी बनवलेले सबवूफर या देणगीच्या भरवशावर असतात. तोच सबवूफर उचलून उघड्या पिकअपवर, आकाशाखाली ठेवला, की देणगी संपली. काल गाडीत घुमणारा स्पीकर आज रस्त्यावर मुका वाटतो. मग बेस-बूस्ट शेवटपर्यंत. त्यात हल्लीच्या नाचाच्या गाण्यांत संगणकावर तयार केलेला खोल बेस असतो. माइक हातातून निसटला, चालू प्रणालीत वायर उपसली, की होणारा धप्पही त्याच खालच्या पट्टीतला.

कोकणचं हवामानही यात हात धुऊन घेतं. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कागदी शंकू दमट हवेत ओल धरतो आणि मऊ पडतो. काठाला फोमची कडा असेल तर ओलाव्याने काही वर्षांत तिचा भुगा होतो. कोरड्या प्रदेशात जो स्पीकर एखादी आगळीक सोसेल, तो इथे गणपतीपर्यंत टिकला तरी मिळवलं. रबरी कडेचा घ्यावा हे बरं.

फिल्टर कुठे लावायचा, हे आम्हाला पोरं विचारतात. पेटीचा स्वर माहीत हवा. मोबाइलवर शुद्ध स्वर वाजवणारं अॅप घ्या, आवाज लहान ठेवा, ५० हर्ट्झपासून हळूहळू खाली या. ज्या आकड्याला शंकू सर्वांत कमी हलतो आणि पोर्टपुढे धरलेल्या उदबत्तीचा धूर सर्वांत जास्त फेकला जातो, तो तुमच्या पेटीचा स्वर. फिल्टर त्याच्या किंचित खाली. ३५ ची पेटी असेल तर २८ ते ३०. फार वर नेलात तर बेसच कापला जाईल, २० वर ठेवलात तर असून नसल्यासारखा. बंद पेटीत त्याची निकड कमी. आणि एक ध्यानात ठेवा, कॉइल जळण्यावर हा उपाय नाही. बहुतेक स्पीकर दिलेल्या विजेतले शेकडा एक-दोन टक्केच ध्वनीत बदलतात, उरलेली सगळी उष्णता. हजार वॅटचा सबवूफर ही हजार वॅटची शेगडी आहे, तिच्यातून थोडं संगीत निघतं इतकंच. अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की ती शेगडी कॉइल खाते, फिल्टर असो वा नसो.

इथवर यंत्राचं झालं. मिरवणुकीचा इतिहास पाहिला तर हा खालचा आवाज आपल्याकडे अगदी अलीकडचा. शिमग्याच्या पालखीपुढे खालू बाजा असे, अजूनही असतो: ढोल, टिमकी, सनई, झांज. ढोलाचं चामडं आपल्या स्वराखाली बोलतच नाही. त्याचा फिल्टर त्याच्या अंगात आहे. आणि वाजवणाऱ्याचा हात दमतो. मग बँजो पार्टी आली, तिचे कर्णे. कर्ण्यातून बेस निघत नाही, किरकिर निघते. डीजेबरोबर प्रथमच असा आवाज रस्त्यावर आला, ज्याला दमणारा हात नाही आणि भिंत ज्याला अडवत नाही. लोकांनी त्याला नाव दिलं डॉल्बी. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे ठामपणे सांगितलं. २०१८ च्या गणेश विसर्जनाआधी साऊंड व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, पण डीजेबंदीवर तात्पुरती सवलतही मिळाली नाही. धंदा करणारी पोरं हे ऐकून चिडतात. त्यांचं एक म्हणणं आम्हाला पटतं, की वर्षभर सुपारी देणारेच मिरवणुकीनंतर हात वर करतात. दुसरं, की "नाचणाऱ्यांना हवं असतं", हे पटत नाही. रस्त्याकडेच्या घरातली म्हातारी नाचत नसते.

पण नियमातच एक फट आहे. हे ५५ आणि ४५ मोजायचे ते ए-वजनाच्या डेसिबलमध्ये. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाला कोणता स्वर किती मोठा वाटतो याच्या रेषा काढल्या. त्यांतल्या हळू आवाजाच्या रेषेवरून ए-वजन ठरलं. हळू आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो, म्हणून हे मीटर १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा करतं, ५० ला ३०, आणि ३१.५ ला जवळजवळ ४०. आता सबवूफर नेमका कुठे काम करतो? ३० ते १०० च्या दरम्यान. म्हणजे तर्कसंग्रहाचीच व्याख्या, जे कानाला ऐकू येतं तेवढंच खरं, इथे इलेक्ट्रॉनिक्समध्ये बसवली आहे. पत्रे थरथरतात, छातीत धडधडतं, आणि मीटरवरचा आकडा त्या मानाने बेताचा दिसतो.

त्याच मीटरवर बहुधा सी-वजनाचीही सोय असते. ती ३१.५ हर्ट्झला फक्त ३ डेसिबल वजा करते, ५० ला सव्वाच्या आसपास. जर्मनीच्या एका मानकात दोन्ही आकडे घेऊन वजाबाकी करतात. फरक २० डेसिबलच्या वर गेला तर खालच्या पट्टीचा त्रास धरून वेगळी तपासणी होते. आपल्याकडे तक्रार झाली की एकच आकडा लिहिला जातो. पुढच्या वेळी मोजणी होईल तेव्हा दुसराही आकडा लिहून घ्या, असं महाडच्या आणि पोलादपूरच्या मंडळांतल्या कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. मीटर तेच, माणूस तोच, वेळ एक मिनिटाचा.