‘सर्वांसाठी खुले’ म्हणजे नेमके कोणासाठी? धम्म मेळावे, वर्षावास आणि ध्यान शिबिरांची ओळख

आषाढ पौर्णिमा जवळ आली की वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात. शिबिराला जायचे आहे, पण कोणत्या? विपश्यना केली म्हणजे बौद्ध झालो का? श्रामणेर झाल्यावर घरी परत येता येते का? मुलींसाठी काही असते का? दहा दिवसांची सुट्टी मिळत नाही, मग काय करायचे? शेजारचा मित्र बौद्ध नाही, त्याला विहारात आणले तर चालेल का?

पत्रकावर ‘सर्वांसाठी खुले’ असे छापलेले असते, पण या प्रश्नांची उत्तरे पत्रकात सहसा नसतात. म्हणून युवक आणि कार्यकर्त्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र मांडत आहोत.

लोकांच्या तक्रारीतून घडलेली परंपरा

धम्मातील सामुदायिक प्रथा कशा सुरू झाल्या, हे विनयपिटकात नोंदवलेले आहे. इतर पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना जमतात, लोक त्यांना ऐकायला जातात, तर भिक्खूंनीही तसे जमावे, असे राजा बिंबिसाराने सुचवले. बुद्धांनी ते मान्य केले. भिक्खू जमू लागले, पण नुसतेच गप्प बसून राहू लागले. धम्म ऐकायला आलेल्या लोकांनी नाराजी व्यक्त केली. त्यानंतर जमलेल्या दिवशी धम्म सांगावा, असे ठरले. उपोसथाच्या दिवशी प्रवचन करण्याची प्रथा अशी पडली.

वर्षावासाची कथाही अशीच आहे. पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहतात, कोवळे गवत आणि बारीक जीवजंतू पायाखाली तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख सांगितले, तेव्हा आई-वडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला.

या तिन्ही प्रसंगांत बाहेरच्या माणसाचे म्हणणे ऐकून संघाने आपली पद्धत बदलली. ‘खुले’ या शब्दाचा हा अर्थ आयोजकांनी लक्षात ठेवावा असे आम्हाला वाटते. दार उघडे ठेवल्यावर आत आलेल्याचे ऐकूनही घ्यावे लागते.

मोठे मेळावे : दीक्षाभूमी, चंद्रपूर, चैत्यभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूर येथे भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा सोहळा झाला. म्हणून नागपूरबरोबर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरही ऑक्टोबरमध्ये मेळावा भरतो. नागपूरचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला असतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. दसऱ्याची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी दसरा कधी आहे ते पाहावे. सध्याच्या स्तूपाचे लोकार्पण २००१ साली झाले.

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर लोक अभिवादनासाठी येतात. हा शोकाचा दिवस आहे, जत्रा नव्हे, हे नव्याने येणाऱ्या मित्रांना आधी सांगावे. या मेळाव्यांना नोंदणी, शुल्क किंवा जातीधर्माची अट नसते. पुस्तकांचे स्टॉल हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. वर्षभराचे वाचन इथून घरी नेणारी अनेक कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचाही कार्यक्रम असतो. ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी २२ प्रतिज्ञा आधी नीट वाचून घ्याव्यात. गर्दीच्या भरात उभे राहून म्हणून टाकण्याची ती गोष्ट नाही.

वर्षावास : आपल्याच वस्तीतील शिबिर

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. सारनाथ येथे पाच परिव्राजकांना पहिले प्रवचन दिले गेले ते आषाढ पौर्णिमेला, म्हणून सुरुवातीलाच धम्मचक्र प्रवर्तनाचे स्मरण होते. या काळात भिक्खू एका विहारात राहतात. महाराष्ट्रातील विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, तर भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा प्रवचन मालिका घेतात. आश्विन पौर्णिमेनंतर कठिन चीवरदानाचा कार्यक्रम होतो.

वर्षावासाला सुट्टी लागत नाही, पैसे लागत नाहीत, प्रवासही लागत नाही. दिवसभर काम करून आलेली बाई तासभर येऊन बसू शकते. घरकाम, बांधकाम किंवा रोजंदारी करणाऱ्यांसाठी हीच खरी खुली शाळा आहे. तरीही तिथे युवक कमी दिसतात. वाचन एकाच सुरात चालते, प्रश्न विचारायला वेळ ठेवला जात नाही, हे त्याचे एक कारण आम्हाला दिसते. वाचनाची पंचेचाळीस मिनिटे आणि चर्चेची पंधरा मिनिटे एवढी साधी विभागणी केली तरी फरक पडतो.

धम्माच्या प्रसाराची योजना मांडताना बाबासाहेबांनी दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन व्हावे, असे सुचवले होते. अनेक ठिकाणी रविवारची वंदना नियमित होते. अनेक ठिकाणी मात्र विहाराचे कुलूप बुद्ध पौर्णिमा आणि १४ एप्रिललाच निघते. आपल्या विहाराची किल्ली कोणाकडे असते, हे युवकांनी एकदा विचारून पाहावे.

श्रामणेर आणि उपासिका शिबिरे

श्रामणेर शिबिरात काही दिवसांसाठी, बहुधा दहा दिवस, प्रव्रज्या घेतली जाते. मुंडन करावे लागते, चीवर धारण करावे लागते आणि दहा शीले पाळावी लागतात. दुपारनंतर भोजन घेता येत नाही. वंदना, सुत्तपठण, ध्यान आणि प्रवचन असा दिनक्रम असतो. शिबिर संपल्यावर चीवर सोडून घरी परत येता येते. त्यात कोणताही दोष नाही. धार्मिक संस्कार करणारे बौद्धाचार्य घडवण्यातही या शिबिरांचा वाटा आहे.

मुलींसाठी आणि महिलांसाठी उपासिका प्रशिक्षण शिबिरे होतात, काही ठिकाणी श्रामणेरी शिबिरेही होतात. त्यांची संख्या कमी आहे आणि माहिती उशिरा पोहोचते. आयोजकांना आमचे सांगणे आहे की, महिलांच्या शिबिरासाठी स्वच्छतागृह, मुक्कामाची सुरक्षित जागा आणि लहान मूल असलेल्या आईसाठी सोय, या तीन गोष्टी पत्रकातच लिहाव्यात. घरचे लोक पहिल्यांदा हेच विचारतात.

अठरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये. वर सांगितलेला शुद्धोदनाचा प्रसंग इथे लागू आहे.

विपश्यना शिबिरे

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली म्यानमारमधील मंडाले येथे झाला. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले. १९६९ साली ते भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. आज नागपूर, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा अनेक ठिकाणी केंद्रे आहेत. गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा २००९ पासून खुला आहे.

नवीन साधकासाठी शिबिर दहा दिवसांचे असते. आदल्या संध्याकाळी पोहोचायचे आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचे, म्हणजे हातात बारा दिवस ठेवावे लागतात. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवस संपतो. पहिले तीन दिवस आनापान म्हणजे श्वासाचे निरीक्षण, चौथ्या दिवशी विपश्यना आणि दहाव्या दिवशी मैत्री भावना शिकवली जाते. तोवर आर्य मौन पाळायचे असते. फोन जमा करावा लागतो, वाचन आणि लेखन बंद असते. पंचशील पाळावे लागते. स्त्री-पुरुषांची निवास व्यवस्था वेगळी असते. नवीन साधकाला संध्याकाळी चहा आणि हलका अल्पोपाहार मिळतो, रात्रीचे जेवण नसते.

शुल्क नसते. राहण्या-जेवणाचेही पैसे घेतले जात नाहीत. किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच दान स्वीकारले जाते. त्यामुळे शिबिरात जागा मिळवून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत दिलेली आहे, तिच्या अटी आपल्या आस्थापना शाखेत विचाराव्यात. लहान मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरे असतात, आणि शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान शिकवले गेले आहे.

ही शिबिरे कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहेत आणि ती धर्मांतर म्हणून शिकवली जात नाहीत. म्हणजेच विपश्यना केली म्हणून धम्मदीक्षा झाली असे होत नाही, आणि विपश्यना केली नाही म्हणून कोणी कमी बौद्धही ठरत नाही.

त्रिरत्न बौद्ध महासंघाची शिबिरे

पूर्वी त्रैलोक्य बौद्ध महासंघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिरत्न बौद्ध महासंघाचे काम पुण्यातून १९७०च्या दशकाच्या अखेरीस वाढले. लोणावळ्याजवळ भाजे लेणीच्या परिसरात त्यांचे शिबिर केंद्र आहे, तर नागपूरला नागलोक परिसरात नागार्जुन प्रशिक्षण संस्था आहे. तिथे देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून युवक-युवती निवासी शिक्षणासाठी येतात. इथे आनापानसती आणि मैत्री भावना हे दोन ध्यानप्रकार शिकवले जातात. त्याबरोबर धम्माचा अभ्यास आणि गटचर्चाही असते. ज्यांना दहा दिवसांचे मौन एकदम झेपणार नाही, त्यांनी अशा दोन-तीन दिवसांच्या शिबिरापासून सुरुवात करावी.

ध्यान की चळवळ?

हा वाद आपल्या प्रत्येक बैठकीत निघतो. एक बाजू म्हणते, डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबत नाहीत, शिष्यवृत्ती मिळत नाही. दुसरी बाजू म्हणते, मन अस्वस्थ असलेला कार्यकर्ता चळवळ टिकवू शकत नाही. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना माणसाचे माणसाशी असलेले नाते केंद्रस्थानी ठेवले, हे निर्विवाद आहे. दुःखाचे कारण फक्त आपल्या मनात शोधा, असे कोणी सांगत असेल तर जातीने लादलेल्या दुःखाचे काय, हे विचारलेच पाहिजे. पण अष्टांगिक मार्गात सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका आहे, तशी सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीही आहे. त्यातील अर्धा भाग गाळण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना नाही. कालाम सुत्ताने दिलेली कसोटी दोघांनाही सारखीच लागू होते. स्वतः तपासा आणि कुशल वाटले तरच स्वीकारा.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यास गटातील एक मुलगा स्पर्धा परीक्षेत पुन्हा नापास झाला. झोप येत नव्हती, बोलणे कमी झाले होते. आम्ही त्याला उत्साहाने सांगितले, दहा दिवसांचे शिबिर कर, सगळे ठीक होईल. त्याची औषधे चालू आहेत हे आम्हाला माहीत होते. अर्जात आजाराची आणि औषधांची माहिती विचारलेली असते. ‘लिहिलेस तर घेणार नाहीत,’ असे आमच्यातल्याच एकाने त्याला सांगितले आणि आम्ही कोणी त्याला अडवले नाही. त्याने ते रकाने रिकामे ठेवले, औषधेही घरीच ठेवली. चौथ्या दिवशी तो घाबरून परत आला. पुढचे काही महिने त्याने आमच्यापैकी कोणाचा फोन उचलला नाही.

पुढे डॉक्टरांच्या उपचाराने तो सावरला. आता रविवारच्या वंदनेला येतो. एकदा त्याने आम्हाला विचारले, “तुम्ही मला शिबिरात पाठवलंत, पण दवाखान्यात का नाही पाठवलंत?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवून करतो. ध्यान हा उपचाराला पर्याय आहे असे कोणालाही सांगत नाही. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देत नाही. अर्जातील आरोग्याचा प्रत्येक रकाना खरा भरायला लावतो, आणि प्रवेश नाकारला गेला तर वर्षावास, वाचन किंवा छोटे शिबिर असा दुसरा मार्ग सुचवतो. शिबिरातून परतलेल्या प्रत्येकाला आठवड्याच्या आत भेटतो.

जाण्यापूर्वी आणि बोलावण्यापूर्वी

जाणाऱ्याने पत्रकात आयोजक संस्थेचे नाव, शिकवणारे कोण, दिनक्रम, खर्च, मुक्काम आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क आहे का ते पाहावे. घरी पत्ता देऊन जावे. मध्येच त्रास झाला तर शिक्षकांना सांगावे, परत यावे लागले तरी त्यात लाज नाही. कोणत्याही शिबिरात कोणाचे वर्तन चुकीचे वाटले, तर समोरचा चीवरधारी आहे किंवा ज्येष्ठ आहे म्हणून गप्प बसू नये.

आयोजकांनी ‘सर्वांसाठी खुले’ छापण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. रोजंदारी करणारा येऊ शकेल अशी वेळ आहे का? पायऱ्या न चढू शकणाऱ्यासाठी सोय आहे का? पाली गाथांचा मराठी अर्थ सांगितला जाणार आहे का? आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीतून, दुसऱ्या गटातून किंवा दुसऱ्या धर्मातून आलेल्या माणसाला पहिल्या रांगेत जागा मिळेल का? शेवटी प्रश्न विचारायला आणि तक्रार सांगायला वेळ ठेवला आहे का?

शेजारच्या मित्राला विहारात आणायचे का, याचे उत्तर सोपे आहे. जरूर आणावे. चपला कुठे काढायच्या, केव्हा बसायचे आणि केव्हा उभे राहायचे हे त्याला आधी सांगावे. वंदना म्हणण्याची सक्ती करू नये. आणि निघताना त्याला काय समजले नाही ते विचारून घ्यावे, म्हणजे पुढच्या रविवारी प्रवचनाला विषय मिळेल.

जय भीम, नमो बुद्धाय.