अजिंठ्याच्या भिंती आणि हेरिंगहॅमबाई

बचत गटाची सहल म्हटली की अजिंठ्याचे नाव निघतेच. भोकरदनच्या उत्तरेला दिसणारी डोंगररांग अजिंठ्याचीच. आज आपण ऐकणार आहोत एका बाईची गोष्ट. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती चित्रे काढायला याच डोंगरात आली होती.

तिचे नाव क्रिस्टियाना हेरिंगहॅम. जन्म १८५२चा, इंग्लंडमधला. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्यांपैकी ती एक. ती चित्रकार होती आणि जुनी चित्रे कशी रंगवत, याचा तिचा दांडगा अभ्यास होता. अंड्याच्या बलकात रंग खलून चित्र काढायची रीत सांगणारे एक जुने इटालियन पुस्तक तिने १८९९ साली इंग्रजीत आणले, आणि त्या रीतीने स्वतः चित्रे काढली.

अजिंठ्याच्या भिंती कशा केल्या हे ऐकले तर आपल्याला घरचे सारवण आठवेल. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा. चिरा पडू नयेत म्हणून त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. लाल-पिवळा रंग गेरूचा आणि पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र दुरून आला, थेट अफगाणिस्तानातल्या खाणींच्या दगडातून. तिथले निळे खडे व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या डोंगरापर्यंत पोचले, दीड हजार वर्षांपूर्वी!

मग बाईंना इतक्या लांब यावेसे का वाटले? तेव्हा भिंतीवरचे रंग जसेच्या तसे दाखवील असा फोटो मिळणे अवघड होते. चित्र वाचवायचे तर हाताने नक्कल काढावी लागे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४पासून कितीतरी वर्षे अजिंठ्यात नकला केल्या. १८६६ साली लंडनच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२पासून तेरा वर्षे राबले. १८८५ साली पुन्हा लंडनलाच आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. शिवाय चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश फासले होते, ते पिवळे पडून रंग झाकू लागले. चित्रे वाचवायला निघालेल्या हातांनीच त्यांना थोडी इजा केली होती.

म्हणून बाई पुन्हा नव्याने कामाला लागल्या. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे पायथ्याच्या फर्दापूरला तळ पडला. तेव्हा हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. बाईंचे वय सत्तावन्नच्या पुढे. अंधाऱ्या लेण्यांत दिवसभर उभे राहून, रेष जुळवत काम चालायचे. सोबत बंगालहून आलेले तरुण नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते, हैदराबादचे सय्यद अहमद होते, आणि डोरोथी लार्चर नावाची तरुण चित्रकारही होती. या डोरोथीने पुढे मैत्रिणीसोबत लाकडी ठशांनी कापड छापायचा स्वतःचा उद्योग चालवला. आपल्या गटांनी ध्यानात ठेवावी अशीच ही बाब! नंदलाल बोस तर पुढे देशातले नामवंत चित्रकार झाले. आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पाने त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली आहेत.

बाईंच्या वाट्याला मात्र पुढे दुःख आले. १९११ला परतल्यावर त्यांना मनाचा आजार जडला. उरलेले आयुष्य उपचारगृहांतच गेले, १९२९ला त्या वारल्या. नकलांचे पुस्तक १९१५ला लंडनमध्ये निघाले. ते बाहेर पडले तेव्हा बाई आजारीच होत्या. पण त्यांचे काम वाया गेले नाही, कारण त्यावर त्यांचे नाव होते.

आता जरा मागे जाऊ. सोळाव्या लेण्यात ते कोरवून घेणाऱ्या वराहदेव मंत्र्याचे नाव कोरलेले आहे. आपले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या दानशूर माणसांची नावे दूर सांचीच्या स्तूपावर सापडतात. पैसे देणाऱ्यांची नावे दगडावर राहिली. पण ज्यांनी माती मळली, रंग खलले, डोळ्यांत करुणा उतरवली, त्या चित्रकारांची नावे अजिंठ्याने जपली नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही असेच होते. शेत बाई कसते, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. पापड बाई लाटते, पाकिटावर नाव दुकानाचे. म्हणून आपण एवढे तरी करू. गटाच्या मालावर गटाचे नाव छापू. नोंदवहीत ज्या दिवशी जिने काम केले, तिचे पूर्ण नाव लिहू. नुसते ‘अमक्याची बायको’ नको. आणि अजिंठ्याला गेलो तर भिंतीला हात न लावता, फ्लॅश न मारता, त्या बिननावाच्या हातांना मनोमन नमस्कार करू.