पैसा आटतो तेव्हा संस्था कशावर तगते?



शाळेसाठी काय करावे, यावर आपल्यात दोन मते आहेत. काहींना वाटते, एखादा मोठा देणगीदार गाठून एकदाच भरघोस रक्कम उभी करावी. काहींचे म्हणणे, प्रत्येकाने दरवर्षी थोडे थोडे द्यावे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे. तरीही महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या संस्थांनी पैशाची चणचण कशी निभावली, ते येथे सांगावेसे वाटते.

पहिली संस्था म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांच्या मनात ही कल्पना रुजली. १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला कॉलेज सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती आणि र. पु. परांजपे कुलगुरू, अशी नावे मोठी होती. पण सरकारी मान्यता नव्हती आणि गाठीला पैसाही बेताचाच. कर्व्यांनी योजना अशी आखली की, दरवर्षी छोटी वर्गणी देणाऱ्या लोकांचे मतदारसंघ करायचे आणि त्यांनी विद्यापीठाच्या सिनेटवर सभासद निवडून द्यायचे. म्हणजे वर्गणी देणाऱ्याला कारभारात मत होते. साहजिकच त्याला संस्थेची खरी परिस्थिती सांगणे भाग होते.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या नावाने पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये. आजचे एस.एन.डी.टी. हे नाव तेथूनच आले. विद्यापीठाला मोठा आधार मिळाला, पण देणगीला अटी होत्या. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास वारले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन ते उत्पन्न काही काळ थांबले. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाची कचेरी पुण्याहून मुंबईला गेली. त्याआधी, १९२९ ते १९३२ या काळात, सत्तरीतले कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून आले. जेथे जात तेथे संस्थेचे काम समजावून सांगत आणि मिळेल ती मदत घेत.

दुसरी संस्था रयत शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी स्थापन केली. सातारच्या बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९४७ मध्ये सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि लगेच पुढच्या वर्षी बाळासाहेब खेरांच्या सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊरावांची सरकारवरची टीका त्यामागे होती. हायस्कुले, बोर्डिंगे, नवे कॉलेज, सगळ्यांचा खर्च अंगावर आला. भाऊरावांनी अडचण झाकून ठेवली नाही. ते लोकांसमोर गेले आणि शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी जमेल तसा हातभार लावला. ‘कमवा आणि शिका’ ही रीत तेथे आधीपासून होतीच. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले, तोवर संस्था लोकांनी तगवली होती.

आपल्या राळेगणची गोष्टही याच वाटेची. गावाला हायस्कूल हवे होते आणि मंजुरी मिळत नव्हती. १९८० मध्ये अण्णांनी यादवबाबांच्या मंदिरात उपोषणाला बसून ती मागितली. गावाने श्रमदान केले. नापास म्हणून दुसरीकडे नाकारलेल्या मुलांनाही आपल्या शाळेने जवळ केले. ज्याच्या हातांनी पाटी-घमेले उचलले, त्याला शाळा परकी वाटत नाही.

या सगळ्यातून मी एवढेच समजते की, मोठी देणगी जरूर घ्यावी, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. आमच्या कामातही एकाच सर्व्हरवर सगळी भिस्त ठेवत नाहीत. तो बंद पडला की सगळेच बंद पडते. शंभर घरांतून येणारी छोटी वर्गणी एकाच वेळी आटत नाही. मात्र तिला एक अट असते: हिशेब उघडा पाहिजे. छप्पर गळते आहे, प्रयोगशाळेत साहित्य नाही, अमुक काम यंदा पैशाअभावी थांबवले आहे, हे शिक्षकांना, पालकांना आणि आपल्याला वेळेवर कळले पाहिजे. अडचण कळली नाही तर माणूस मदतीला येणार कसा?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपण प्रत्येकाने परवडेल ती रक्कम दरवर्षी ठरवून द्यावी. शाळेने वर्षातून एकदा, ग्रामसभेत वाचतात तसा, जमाखर्च आणि पुढच्या वर्षाचा बेत सर्वांसमोर वाचावा. मुलांनाही तेथे बसू द्यावे. आपली शाळा कशी चालते, हे त्यांनाही कळायला हवे.