दिनविशेष : २८ जानेवारी – गिधाडांच्या मृत्यूचं कोडं सुटलं

२००४ : गिधाडं झपाट्याने का मरत आहेत, याचं उत्तर देणारा लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने आज प्रसिद्ध केला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९०च्या दशकात भरतपूरला ही घट टिपली होती. सुरत, नवसारी, मुंबईच्या पारशी दखम्यांवरही (मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या जागांवरही) गिधाडं दिसेनाशी झाली होती. संशय रोगावर होता. गुन्हेगार निघालं गुरांना टोचलं जाणारं वेदनाशामक डायक्लोफिनॅक.

ओक्स यांनी पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासली. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ पैकी २५ गिधाडांत हे औषध सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. औषधाने मूत्रपिंड बंद पडतं, युरिक ॲसिड साचतं आणि हृदय, यकृतावर खडूसारखा पांढरा थर चढतो. उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस एकदा खाल्लं, तरी गिधाडाचा जीव जाऊ शकतो.

भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय मिळाला. मात्र ॲसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनतं. त्यावर आणि गिधाडांना घातक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. औषधाचं शरीरात पुढे काय होतं, हे आधीच तपासायला हवं. गिधाडांनी हा धडा प्राण देऊन शिकवला. तो विसरणं आपल्याला परवडणार नाही.