बारामतीत जन्मलेला शास्त्रज्ञ आणि बाळाचा श्वास

मागे हॉर्न ऐकू येतायत ना? नवी पेठेत संध्याकाळी रेकॉर्डिंग म्हणजे हे आलंच.

आजचा विषय घरातलाच. माझा भाचा सातव्या महिन्यात जन्मला. श्वासासाठी घशात नळी घातली, म्हणून वाचला. घरी आल्यावर मात्र श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टर म्हणाले, नळी होती तिथे आतून व्रण धरलाय, वाट अरुंद झालीय.

मी गणित मांडलं. स्वरयंत्राखाली तान्ह्या बाळाची वाट जेमतेम ४-५ मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या वाटेला सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली, तर उरतात २. हवेला अडथळा १६ पट!

आता मागे जाऊ. घटसर्पात लेकरं गुदमरायची. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी तोंडातून स्वरयंत्रात नळी बसवून अनेकांना वाचवलं. १९६० च्या दशकात नवजात बाळांनाही कित्येक दिवस नळीवर ठेवायला लागले. जीव वाचले, पण व्रण वाढले. मग गळ्याला छिद्र पाडून नळी. बाळ जगायचं, पण रडलं तरी आवाज नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! हा किरण डोळ्याला दिसत नाही आणि पाण्यात लगेच शोषला जातो. शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे वरचा पातळ थर उडतो, खाली इजा कमी, रक्तही कमी. १९७२ मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग आणि याको यांनी स्वरयंत्रावर तो वापरल्याचे अनुभव छापले. पुढे तो लहान मुलांपर्यंत पोचला.

पण ही जादू नाही हं. गोल फिरून सगळंच जाळलं तर नवा व्रण धरतो. म्हणून चाकाच्या आऱ्यांसारख्या मोजक्या चिरा देतात, मधली त्वचा राखतात, मग फुग्याने वाट रुंद करतात. ऑक्सिजनमुळे नळी पेटायचीही भीती असते. व्रण जाड असेल तर उघडी शस्त्रक्रियाच लागते.

भाच्याचा पडदा पातळ होता, लेझरने भागलं. आता तो रडला की अख्खी बिल्डिंग जागी होते, आणि ताई हसते.

तुमच्या ओळखीत नळीवर राहून आलेलं बाळ असेल आणि श्वास वाजत असेल, तर सर्दी म्हणून सोडू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या एपिसोडला!