विधवेला होतं, घटस्फोटितेला नव्हतं



स्वाध्याय संपून चहा यायच्या आत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "आपण अल्पसंख्याक झालो ना, मग आपल्या मुलींचा घटस्फोट हिंदू कायद्याने कसा?" प्रश्न भाबडा नाही. २०२५ च्या सुरुवातीला इंदूरच्या कुटुंब न्यायालयानेच हे कारण देऊन जैनांना हिंदू विवाह कायदा नाकारला होता. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. १९५५ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन, शीख हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. २०१४ च्या अल्पसंख्याक अधिसूचनेने त्यात काही बदल झालेला नाही.

मग आपला स्वतःचा कायदा कधी होता का? होता. 'भद्रबाहु संहिता', 'अर्हन्नीति' अशा ग्रंथांत वारसा आणि दत्तक यांचे नियम आहेत. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी ते जमवून १९२६ साली 'जैन लॉ' हे पुस्तक काढलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७८ मध्ये, दाखो नावाच्या अग्रवाल जैन विधवेचा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. तिथे आपली रूढी मान्य झाली: मुलगा नसलेली जैन विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालकीण, आणि दत्तक घ्यायला तिला नवऱ्याची परवानगी लागत नाही. त्या काळी इतर हिंदू विधवेला नवऱ्याची मिळकत फक्त हयातीपुरती वापरायला मिळे. १९५६ च्या वारसा कायद्याने पूर्ण मालकी सगळ्यांना दिली, ती आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षं आधीच मान्य झाली होती.

हे वाचून अभिमान वाटतो, आणि लगेच दुसरी गोष्ट टोचते. हा मान मिळायला आधी नवरा जावा लागत होता. नवरा जिवंत असताना त्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या बाईला दाखोच्या निकालाचा काही उपयोग नव्हता. तिला दार उघडलं ते आपल्या ग्रंथांनी नाही, १९५५ च्या कायद्याने.

तेही अर्धवटच. १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असं लिहिलं. पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावं, एवढी सोय ठेवली. त्यातूनच "पाचवं संपलं की मूल बापाचं" अशी समजूत आपल्या घरांत रुजली. ती खरी नाही. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, आणि पाच वर्षांनंतरही न्यायालय तेच बघतं. ताब्याचा हुकूम एकदा झाला म्हणजे कायमचा, असंही नाही. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

"त्याच्यानंतर" या शब्दाचा निकाल लागला तो एका गुंतवणुकीवरून, म्हणून माझ्यासारख्या कॉमर्सवालीला तो खटला पाठ आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे ९ टक्क्यांचे रिलीफ बाँड मागितले. पालक म्हणून आईची सही बँकेने चालवून घेतली नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "त्याच्यानंतर" म्हणजे फक्त बापाच्या मृत्यूनंतर नव्हे. तो मुलाकडे लक्षच देत नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक. शब्द मात्र कायद्यात अजून तोच आहे.

आता घर. लग्नानंतर घेतलेल्या घराचा निम्मा हिस्सा बायकोचा, असं मालिका बघून पुष्कळजणी म्हणतात. तसा कायदा आपल्याकडे नाही. गोव्यात आहे, पोर्तुगीजांच्या वेळचा. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची. महाराष्ट्रात घर ज्याच्या नावावर, त्याचं. बायकोला पोटगी मागता येते, राहण्याचा हक्क मागता येतो. आणि स्त्रीधन तर पूर्ण तिचं. ते सासरच्यांनी अडवलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा, असं १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण सोन्याच्या पावत्या कोणाच्या कपाटात असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

राहिलं माहेर. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी १९५६ पासून मुलाइतकीच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या वगळल्या. म्हणजे माझ्या पिढीतल्या बहुतेक सगळ्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं.

घटस्फोटाच्या वेळी हाच हिस्सा आधाराला येतो, आणि तोच आपण आधी देऊन टाकलेला असतो. भाऊबीजेच्या आसपास भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो, आई म्हणते सही कर, माहेर तुटायला नको. दहा वर्षांनी तीच मुलगी मूल कडेवर घेऊन परत येते, तेव्हा ते नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी रद्द होत नाही.